हिरवा गॅलरीत, लाल मोरीपाशी

निवृत्त झाल्यावर बाबांना पाखरांचं वेड लागलं. आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये आधी आला पिवळ्या चोचीचा हिरवागार परदेशी पोपट. वर्षभराने लाल अंगाचं, जांभळ्या पोटाचं, काळ्या चोचीचं दुसरं पाखरू आलं. हिरव्याचा पिंजरा गॅलरीत, लालचा मागे मोरीपाशी. दोघं दिवसभर एकमेकांना हाका मारायचे. आई म्हणाली, ठेवा की शेजारी. बाबा म्हणाले, "छे! वेगळी पाखरं, मारतील एकमेकांना."

त्याच वर्षी माझ्या सिन्नरच्या ऑफिसातला एक मुलगा घरी येऊन मला मागणी घालून गेला. बाबांनी त्याला पोहे दिले, चहा दिला, आणि तो जिना उतरल्यावर म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा आहे, पण आपल्यातला नाही." मी रडले, भांडले. उपयोग शून्य. पुढच्या मे महिन्यात माझं लग्न लासलगावच्या आपल्यातल्या घरात झालं. पत्रिका उत्तम जुळली होती. दिवाळीनंतर मी सुजलेला गाल घेऊन माहेरी आले, ती कायमची.

मधल्या काळात बाबांनी हिरव्याला सोबत म्हणून दुसरा हिरवा आणला होता. दोघांनी एकमेकांना रक्तबंबाळ केलं. दुसरा परत गेला, पहिल्याचा एक डोळा गेला. लालने एकटीने अंडी घातली, तेव्हा ती मादी असल्याचं कळलं. मग बाबा तिच्यासाठी लाल नर शोधायला मुंबईपर्यंत जाऊन आले. मिळणार कुठून?

एकदा तिची नखं कापायला पक्ष्यांचे डॉक्टर घरी आले. गॅलरीतला हिरवा बघून ते हसायलाच लागले. "अहो काका, हीच तर जोडी! यांच्यात नर हिरवा, मादी लाल."

बाबांनी लगेच दोघांना एका पिंजऱ्यात सोडलं. आईने हळदकुंकू लावून पिंजऱ्याला ओवाळलं. बाबा खाली जाऊन पेढे घेऊन आले. हिरवा आपल्या चोचीतला दाणा लालला भरवत होता. बाबांचे डोळे भरून आले. "बघ गं, बिचाऱ्यांना उगाच इतकी वर्षं वेगळं ठेवलं मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, "आणि मला?"

बाबांनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरला. म्हणाले, "तुझी गोष्ट वेगळी."