कमरेचा सांधा

सत्यशीलाबाई ओव्हाळ खेळण्याला हात लावत नाहीत. नातीचं खेळणं पडलं तर उचलतात, मळलं असेल तर पुसून ठेवतात. पण चालवून, वळवून, उघडून दाखवणं नाही. नव्या माणसाला वाटतं, बाईंना लहान मुलांचं कौतुक नाही. तसं अजिबात नाही. एके काळी एका कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक खेळणं आधी त्यांच्या हातातून जायचं. मी त्याच कारखान्यात मशीनवर होतो.

खराडीत आज काचेच्या इमारती आहेत. तेव्हा तिथं पत्र्याच्या शेड होत्या आणि मधे मधे ज्वारीची रानं. आमची शेड अनिरुद्ध मराठे यांची. प्लास्टिकचे मग, साबणाच्या डब्या, बादलीच्या मुठी असा माल निघायचा. मी लातूरकडून आलेलो. प्लास्टिकचा दाणा मशीनमध्ये वितळतो, डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबला जातो, थंड होतो. मग दार उघडायचं, माल काढायचा, दार लावायचं. घाई केली तर माल वाकतो, उशीर केला तर चिकटतो. वर्षानुवर्षं मी एवढंच केलं, पण नीट केलं.

सत्यशीलाबाई जोडणीत होत्या. राहायला येरवड्यात, जेलच्या मागच्या वस्तीत. नवरा रिक्षा चालवायचा. बाईंचं काम पाहण्यासारखं होतं. मान खाली, हात पुढ्यात, बोलणं कमी. तपासणीही त्यांच्याकडेच होती. डब्याचं झाकण लावताना त्या बघत नसत, ऐकत. बरोबर बसलेल्या झाकणाचा आवाज वेगळा असतो. नापास माल लाल क्रेटमध्ये, तिथून परत दळायला ग्राइंडरमध्ये. बाईंनी लाल क्रेटमध्ये टाकलेलं परत उचलून बघायची साहेबांनासुद्धा गरज वाटत नसे.

नव्वदनंतर बाजार उघडला. घराघरांत केबल आलं. मुलं टीव्हीवर रोबो बघायला लागली आणि कॅम्पातल्या दुकानांत परदेशी रोबो दिसायला लागले. त्यांची किंमत ऐकून आमच्यासारखे लोक दुकानाच्या पायरीवरूनच परत यायचे. मराठेसाहेबांनी एक विकत आणला, सुटा केला आणि ठरवलं की आपण करायचा. स्वस्त, इथला. होतं नव्हतं ते त्यांनी डायमध्ये घातलं.

खेळणं असं होतं. तळहाताएवढा निळा रोबो. गुडघे मागं दुमडले, कंबर फिरवली, हात बगलेत घेतले की त्याची जीप व्हायची. सोबत एक मोठा पिवळा ट्रक. ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडलं की उतार तयार. जीप आत ढकलायची, वरची कळ दाबायची, की जीप उतारावरून सुटून बाहेर. ट्रक चांगलाच झाला होता. आजही मी त्याला नावं ठेवणार नाही.

उन्हाळ्यात साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की दिवाळीला हा माल खपला तर खेळण्यांचं वेगळं खातं काढू, जोडणी-पॅकिंगमधल्या बाराही बायका कायम, आणि ओव्हाळबाई सुपरवायझर. त्या बाराजणी रोजंदारीवर होत्या. आज आहे, उद्या नाही. कायम हा शब्द ऐकल्यावर यमुनाबाई नावाची पॅकिंगमधली बाई खाली बसूनच राहिली होती. तेव्हापासून त्या सगळ्या सत्यशीलाबाईंकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. माल पास करणं बाईंच्या हातात होतं, म्हणजे कायम होणंही त्यांच्याच हातात.

पहिला माल निघाला त्या दिवशी रोबो वळवताना बाईंचं नख मोडलं. त्यांनी डाय दुरुस्त करणाऱ्या टूलरूमच्या वैजनाथला बोलावून सांगितलं, की कमरेचा सांधा घट्ट आहे. वैजनाथ म्हणाला, डाय नवी आहे, थोडा माल जाऊ द्या, सैल होईल. आठवडाभर बाई तेच सांगत होत्या. मग सांगायच्या थांबल्या. वैजनाथनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, झाला सैल.

डाय तीच होती. दाणा तोच, उष्णता तीच, थंड करायचा वेळ तोच. हे मी आज सांगतो, कारण आज कळतंय. तेव्हा मीही ऐकलं की सांधा सैल झाला, आणि बरं वाटलं.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा असायची. मशीन बंद, धुऊनपुसून झेंडूचे हार. त्या एका दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत यायची मोकळीक. एरवी फाटकातून एक नट बाहेर जात नसे, खेळणं तर नाहीच. सत्यशीलाबाई बौद्ध. पूजेच्या वेळी त्या बाहेर नळापाशी उभ्या राहायच्या, पेढा वाटायला लागले की आत यायच्या. साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी कधी शब्द काढला नाही.

त्या वर्षी साहेबांनी मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्यालाही पूजेला बोलावलं होतं. माल बघून तो ऑर्डर देणार होता. टेबलावर ट्रक मांडले, रोबो मांडले. पोरं तुटून पडली. कुणी गुडघा ओढतोय, कुणी मान. कुणाला जमेना. मग एकानं रोबो सत्यशीलाबाईंपुढं धरला, मावशी करून द्या. बाईंनी घेतला आणि बोलता बोलता जीप करून दिली. टक, टक, टक. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग प्रत्येकाला आपला रोबो त्यांच्याच हातून करून हवा होता. बाईंभोवती हा घोळका. व्यापाऱ्यानं स्वतः एक उचलला, खटपट केली, त्यालाही येईना. हसला. म्हणाला, "आपल्याला कुठलं येतंय? हे पोरांचं काम." सगळे हसले. बाईही हसल्या.

त्यांची मुलगी प्रियदर्शनी आली होती. दुसरीत होती. तिनं बराच वेळ एक रोबो घेऊन मशीनच्या आडोशाला बसून प्रयत्न केला. मी शेजारीच हार बांधत होतो. शेवटी ती आईकडं गेली.

"आई, हे होत नाही."

"आण इकडं." बाईंनी बोटं फिरवली. "बघ, किती सोपं."

"मग तूच कर," असं म्हणून पोरगी ट्रकशी खेळायला गेली.

व्यापाऱ्यानं त्याच दिवशी ऑर्डर दिली. नंतर आम्ही दिवाळीपर्यंत जादा पाळ्या केल्या. बाईंच्या हातातून गेलेला एकही नग सांध्यात अडकत नव्हता. त्यांनी कामात कसूर केली असं कुणी म्हणू शकणार नाही. प्रत्येक नग उलटसुलट करून बघितला. तेवढी मेहनत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

संक्रांतीच्या सुमारास खोकी परत यायला लागली. पहिलं खोकं मीच फोडलं. ट्रक धडधाकट. रोबो कमरेत मोडलेले. वाहतुकीत मोडलेला माल कुठंही मोडतो. हा सगळा एकाच जागी मोडला होता, आणि मोडलेल्या कडेला प्लास्टिक पांढरं पडलं होतं. निळं प्लास्टिक असं पांढरं पडतं ते ताणल्यावर. म्हणजे पोरांनी जोर लावला होता.

साहेब दाण्याला दोष देत होते, वैजनाथ मशीनला.  सत्यशीलाबाईंनी एक न फोडलेलं खोकं उघडलं, रोबो काढला आणि यमुनाबाईंच्या हातात दिला. यमुनाबाईंनी हजारो रोबो खोक्यात भरले होते, पण वळवला एकही नव्हता. त्यांना वळेना. जोर लावला तशी कंबर पांढरी पडायला लागली. बाईंनी तो काढून घेतला आणि स्वतः वळवला, पण सावकाश, आपल्याच हाताकडं बघत. डावा अंगठा आधी कंबर आत दाबत होता, मग किंचित बाहेर फिरवत होता, आणि मग गुडघा दुमडत होता. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"हा अंगठा काय करतो ते मला ठाऊकच नव्हतं," त्या म्हणाल्या.

सांधा कधीच सैल झाला नव्हता. हात त्याला सरावले होते. जोर दिसतो. सराव मात्र ज्याचा त्यालाही दिसत नाही.

बाई स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि जे होतं ते सांगितलं. दार उघडं होतं, आम्ही बाहेर उभे होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं होय. मग प्रत्येक खोक्यात तुमचा अंगठा घालून पाठवायला हवा होता, बाई."

पुण्यातल्या माणसाचं बोलणं ते. रागावून बोलले असते तर विसरून गेलं असतं. मराठेसाहेब वाईट नव्हते. त्या दिवशी त्यांचंही सगळं बुडालं होतं. पण ते वाक्य बाईंच्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

उरलेला सगळा माल ग्राइंडरमध्ये गेला. तो मीच घातला. त्यातून निळ्या साबणाच्या डब्या निघाल्या. त्यातली एक आमच्या न्हाणीत अजून आहे. खेळण्यांचं खातं निघालं नाही. बाराजणींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सत्यशीलाबाईंना साहेब म्हणाले होते, तुम्ही राहा. त्या राहिल्या नाहीत. बाराजणींच्या मागोमाग फाटकातून बाहेर गेल्या. यमुनाबाई नंतर मार्केट यार्डात कांदा निवडायला जायच्या. रस्त्यात भेटल्या की सत्यशीलाबाईंशी नीट बोलायच्या. बाई म्हणायच्या, भाऊ, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

नंतर कापडाच्या दुकानांइतकी चिनी खेळण्यांची दुकानं झाली. साहेबांनी शेड विकली. त्या जागेवर कंपन्यांची इमारत उभी राहिली आणि काही वर्षांनी त्याच इमारतीच्या कँटीनमध्ये सत्यशीलाबाई लागल्या. भाजी त्याच करायच्या, पण मीठमसाला जमला की नाही ते स्वतः चाखून ठरवायच्या नाहीत. काल लागलेल्या पोरीला चाखायला लावायच्या. लोक हसायचे, ओव्हाळमावशींचा स्वतःच्या जिभेवर विश्वास नाही. बाई हसण्यावारी न्यायच्या.

प्रियदर्शनी शिकली. तिथंच जवळच्या एका कंपनीत लागली. काय काम असतं गं, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, काका, टेस्टर आहे, दुसऱ्यांनी केलेले प्रोग्रॅम चालवून बघते. आणि मग सहज पुढं म्हणाली, की ज्यानं केलं त्याला तपासू देत नाहीत, त्याला चुका दिसत नाहीत. बाई चहा गाळत होत्या. गाळणं कपावर तसंच धरून राहिल्या. चहा कधीच खाली उतरला होता.

प्रियदर्शनीची मुलगी पूर्वा. तिच्या पाचव्या वाढदिवसाला मी येरवड्याला गेलो होतो. वस्तीतल्या जुन्या खोलीच्या जागी आता दोन खोल्यांचं पक्कं घर आहे. बुद्धवंदना झाली, केक कापला, पाहुणे पांगले. प्रियदर्शनीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं मोठं खोकं आणलं होतं. पूर्वानं ते फाडलं. आत रोबो आणि त्याची गाडी. रोबो लाल, तळहाताएवढा. गाडी आगीच्या बंबाची, पोट उघडून रोबोला आत घेणारी. मी हातात घेऊन बघितलं. सांध्यात धातूची खीळ होती, कडा घासलेल्या, कुठं फुगवटा नाही. माल चांगला होता.

पूर्वा थोडा वेळ झटली. मग आजीकडं आली. "आजी, तू कर."

सत्यशीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तू कर. मी बघते."

"होत नाही."

"कुठं अडतंय?"

पूर्वानं बोट ठेवलं. कमरेवर. बाई वाकून बघत राहिल्या. हात पदराखालीच.

प्रियदर्शनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "अगं आई, एकदा करून दाखव ना. तिला कळेल."

"मी केलं की होतंच," बाई म्हणाल्या. "तिथंच तर चुकलं."

प्रियदर्शनीला हे नवीन नव्हतं.  मग बाईंनीच विचारलं, की तू दुसरीत असताना खंडेनवमीला कारखान्यात आली होतीस, निळा रोबो घेऊन मशीनजवळ बसली होतीस, ते तुला आठवतं का. बाईंनी ते कधी विचारलं नव्हतं, निदान माझ्यासमोर तरी नाही. प्रियदर्शनीनं आठवून बघितलं. कारखाना आठवतो, म्हणाली. तो जळक्या प्लास्टिकचा वास आठवतो, पिवळा ट्रक आठवतो.

"आणि रोबो?"

"रोबो नाही आठवत, आई."

बाईंनी मान हलवली. पोरगी विसरली हे त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावरून कळलं नाही.

पूर्वा जमिनीवर पालथी पडून खटपट करत होती. तोंडातून जिभेचं टोक बाहेर. एकदम आवाज झाला, टक. ती ओरडली, झालं, झालं.

बाईंनी बघितलं नाही. डोळे मिटून ऐकलं होतं.

"गुडघा बसला," त्या म्हणाल्या. "कंबर राहिली."

पूर्वा परत रोबोवर वाकली. बाईंच्या पदराखाली डावा अंगठा हलत होता. आत दाबला, किंचित बाहेर फिरवला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. उजव्या हातानं त्यांनी तो घट्ट धरून ठेवला.