आजीव चहाप्रमुख

सदर इसम लिआव जिन-थू, वय वर्षे सदुसष्ट, धंदा बांबूच्या चटयांचा (हल्ली मुलाकडे), राहणार जुशान, भूमिदेवाच्या देवळामागची गल्ली. अंगकाठी मध्यम, दात स्वतःचे. देवळापुढच्या वडाखाली दुपारी भरणाऱ्या चहाबैठकीचा आजीव चहाप्रमुख, तसेच पहाटेच्या श्वाससाधना मंडळाचा मुख्य मार्गदर्शक. वर्तणूक उत्तम. वैद्यकीय शेरा: उन्हाळ्याच्या तोंडावर प्रोस्टेट ग्रंथी काढली, शस्त्रक्रिया यशस्वी.

यशस्वी शस्त्रक्रियेनंतर सदर इसम शिंकला की ओला होतो, हे शेऱ्यात बसलं नसावं.

वडाखालच्या बैठकीचा एक नियम आहे. तो कुणी केलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. किटली ज्याच्या हातात, त्याने पाहुणे असेपर्यंत उठायचं नाही. उठला तर दुसरा बसतो, आणि मग किटली त्याची. बांबूच्या त्या बुटक्या खुर्चीत जिन-थूची उमेदीची वर्षं आणि निम्मं म्हातारपण गेलं होतं. ऑपरेशननंतर मात्र तो सारखा उठायला लागला, आणि एकदा परत येतो तो खुर्चीत पान मिंग-हुई.

पान म्हणजे बसचा निवृत्त ड्रायव्हर. त्याचीही तीच ग्रंथी, तेच इस्पितळ, तोच सर्जन, आणि ऑपरेशन तर जिन-थूच्या नंतरचं. तरी हा माणूस कोरडा ठणठणीत. दुपारभर चिमुकल्या पेल्यांत ओततो, स्वतः पितो, आणि जागचा हलत नाही. पानला कॅन्सर निघाला तेव्हा जिन-थूला मनापासून वाईट वाटलं होतं. तो बरा झाला तेव्हा त्याहून जास्त वाटलं.

"घे की रे आ-थू," पान म्हणायचा. "तुझ्यासाठी अर्धाच ओतलाय."

"पोट भरलंय."

"चहाने पोट भरतं होय? इतकी वर्षं आम्हाला पाजलंस, तेव्हा नाही बोललास."

वेई न्हावी खिदळायचा. जिन-थू काळी पाटलोण घालून बाकाच्या कडेवर बसून राहायचा.

"इस्पितळात व्यायाम शिकवतात म्हणे," घरी बायको, बाओ-जू, म्हणाली. "पान जातो. तुम्हीही जाऊन बघा, म्हातारबा."

"मला श्वास शिकवणार? अख्खं जुशान माझ्याकडून श्वास घ्यायला शिकलंय."

त्याचा स्वतःचा उपाय चालूच होता. पहाटे पाय रोवून, दात आवळून, श्वास नाभीखाली उतरवायचा आणि तिथे दाबून धरायचा. जेवढी साधना, तेवढी विजार ओली. त्याने साधना वाढवली.

व्यायाम नुसता सांगायला, पान गुपचूप काहीतरी घेतोय, अशी त्याची खात्री झाली होती. डोंगरातलं एखादं मूळ, नाहीतर हरणाच्या शिंगाची पूड. एका मंगळवारी पानने स्कूटर काढली तसा जिन-थू मुलाची स्कूटर घेऊन मागोमाग निघाला. जडीबुटीवाल्याचं दुकान मागे पडलं. पान इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत शिरला. जिन-थूने डोकावलं तर चटयांवर पाच-सहा म्हातारे गुडघे वर करून उताणे पडलेले.

"आत या काका, दार लावा," शिकवणारी हुआंगबाई म्हणाली.

पळायला उशीर झाला होता. पानने मान वळवली होती. "ये आ-थू. माझ्या शेजारी जागा आहे."

बाईने त्याला करून दाखवायला सांगितलं. जिन-थूने मार्गदर्शकाला शोभेल असा श्वास उतरवला. तिने पोटावर हात ठेवला.

"काका, तुम्ही खाली ढकलताय."

"श्वास खालीच उतरवायचा असतो."

"श्वास खुशाल उतरवा. पण गळकं दार खाली आहे आणि तुम्ही त्याच्यावर वरून जोर देताय. ते दार वर उचलायचं. लघवी मधेच थांबवताना जे आत ओढलं जातं ना, तेच. ओळख पटण्यापुरतं एकदा थांबवून बघा, रोज नको. पोट नाही, ढुंगण नाही, दात तर नाहीच नाही. ओढा, धरा, सोडा. शिंक आली की आधी ओढा, मग शिंका." आणि वर म्हणाली, "पानकाकांकडे बघा. त्यांना अगदी बरोबर जमतं."

जिन-थूने बघितलं. पान छताकडे डोळे लावून पडला होता. बाहेरून बघणाऱ्याला तो काही करतोय असं वाटलंच नसतं. भावाच्या वाट्याला चांगली जमीन गेली तेव्हाही जिन-थूचा एवढा जळफळाट झाला नव्हता.

त्या दिवसापासून तो पेटला. बरं व्हायची त्याला फारशी ओढ नव्हती. त्याला पानला उठवायचं होतं. बसची वाट बघताना, बाजारात मुळे निवडताना, देवापुढे उदबत्ती धरून तो ओढी, धरी, सोडी. पहाटेच्या मंडळात त्याने 'दाबून धरा' म्हणणं बंद केलं. का, ते सांगितलं नाही. बाजारात पपनसं आली तोवर काळी पाटलोण कपाटात गेली होती.

मग एका दुपारी तो पानच्या समोर बसला आणि पेला पुढे केला. "भर. पूर्ण."

पानने भरला. जिन-थूने संपवून पुन्हा पुढे केला. पाहुणा पितो तेवढं ओतणाऱ्यानेही प्यायचं असतं, आणि बसचा ड्रायव्हर असला तरी पान खुळा नव्हता.

"आज तहान लागलेली दिसते."

"ऊन आहे."

"ढग आहेत."

"मग दमट आहे. ओत."

वेई पाणी आणून आणून दमला. बाकीचे एकेक करून देवळामागे जाऊन आले. हे दोघे बसलेलेच. पानच्या कपाळावर घाम आला. जिन-थू ओढी, धरी. सोडायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

"आ-थू," पान शेवटी हळूच म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, मुद्दाम कोंडून ठेवायचं नाही."

"मग जा की."

"तू उठल्याशिवाय नाही."

"बरोबर उठू."

"एकदम हं. फसवायचं नाही."

दोघे एकदम उठले आणि देवळामागच्या मुतारीत शेजारी शेजारी उभे राहिले. बराच वेळ. दोघांनी समोरच्या भिंतीचा चांगला अभ्यास केला. पान हात धुवायला थांबला. जिन-थू थांबला नाही.

तो धावत आला तेव्हा खुर्चीत वेई बसला होता.

"ऊठ," जिन-थू म्हणाला.

"कसा उठू? पाहुणे आहेत."

चहाप्रमुखाची जागा तेव्हापासून वेईकडे आहे. त्याची प्रोस्टेट अजून जागेवर आहे, आणि त्याचा चहा कडू होतो.