उस्ता सोबिर यांचा ठसा

चुस्त गावच्या चाकूबाजारात उस्ता सोबिर यांच्या शेजारी बसून मी आयुष्यभर म्यानं शिवली. त्यांच्याविषयी कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मला जमेल तसं लिहितो.

पातं मनासारखं उतरलं तरच उस्ता त्यावर आपला ठसा मारत: चंद्रकोर आणि तिच्या पोटात तीन ठिपके. मग पाणी देत. मनास न आलेलं पातं बिनठशाचं भंगारात जाई. ठसा त्यांच्या वडिलांचा होता. शागीर्द इल्योसला त्यांनी कमरेला शेला बांधून, फातिहा, म्हणजे धंद्याला लागायची दुवा, देऊन मोकळं केलं, तेव्हा त्याच्यासाठी वेगळा ठसा स्वतः कोरून दिला. आमच्यात रीतच आहे. शागिर्दाला कसब मिळतं, उस्ताचा ठसा नाही.

एक दिवस इल्योस फोन घेऊन आला. "उस्ता, मी वेबसाइट काढलीय. तुमचे चाकू तिथून विकीन. तुम्हाला बाजारात बसायला नको."

"मग काय घरी बसून बायकोचं ऐकू?"

"ऐका की, पुण्य लागेल. पण एक अडलंय. वेबसाइटच्या नावाशेजारी बारीकसं चिन्ह लागतं. लोक पान जपून ठेवतात ना, ते पुन्हा त्या चिन्हावरून सापडतं. आपल्याला चिन्हच नाही, नुसता कोरा कागद दिसतो. तुमचा ठसा द्या."

"तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तो दिसणार कसा?"

"पात्यावर तरी तो केवढा असतो, उस्ता?"

उस्ता हसले. त्यांनी ठशाला काजळी लावली आणि पांढऱ्या कागदावर तो अलगद दाबला. पोलाद सोडून दुसऱ्या कशावर तो उमटलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. पुढे कितीतरी दिवस ते चायखान्यात ज्याला त्याला फोनवर ते चिन्ह शोधायला लावत. न्हावी म्हणाला, "उस्ता, आता सुनेच्या रोट्यांवरही मारा, म्हणजे करपायच्या थांबतील."

वसंतात ताश्कंदहून मुनिरा नावाची आचारीण आली. तिनं चाकू पुढे ठेवला. "उस्ता, कांद्यावरच बोथट झाला हो. तुमचं नाव ऐकून घेतला होता."

उस्तांनी पातं उलटसुलट करून पाहिलं. "बाई, हा माझा नाही. यावर ठसा कुठाय?"

"हा काय." तिनं फोनवर जपलेलं पान उघडलं. वर चंद्रकोर, तीन ठिपके. खाली एका साच्यातून निघालेल्या चाकूंच्या रांगा.

उस्तांनी इल्योसला बोलावून घेतलं. "यात माझे किती?"

"सुरुवातीला सगळे तुमचेच होते. मागणी वाढली, तुमचे हात दोन. मग कारखान्यातून मागवले. पण उस्ता, एकाही पात्यावर तुमचा ठसा मारला नाही मी. तेवढी लाज आहे मला."

"दारावर मारलास."

"ते नुसतं चिन्ह असतं हो. सगळेच लावतात."

"अरे, चोर असता तर कुलूप तरी फोडावं लागलं असतं त्याला. तुला मी आपल्या हातानं उमटवून दिला."

इल्योसनं तिथेच उभं राहून चिन्ह काढून टाकलं. मुनिराच्या फोनवर मात्र ते तसंच होतं. तो खाली बघत म्हणाला, "ज्यांनी पान जपून ठेवलंय त्यांच्या फोनमध्ये जुनं चिन्ह साठून राहतं. कधी जाईल ते सांगता येत नाही."

उस्तांनी मुनिराला आपला चाकू दिला आणि तो बोथट ठेवून घेतला. बाजारातले म्हणाले, दिलेली फातिहा परत घ्या, म्हणजे त्याच्या हाताला लोखंड वळणार नाही. उस्ता म्हणाले, "तो कुठे लोखंडाला हात लावतोय आता?"

त्यानंतर गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारत, "फोनवर बघून आलात का?" हो म्हटलं की चाकू पुढे करणारा त्यांचा हात थांबे.

ईदला इल्योस नान आणि हलवा घेऊन आला. उस्तांनी उठून त्याला जवळ घेतलं, बसवलं, आईची तब्येत विचारली. मग चहा ओतला. आम्ही पाहुण्याला घोटभरच ओततो, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो आणि पाहुणा बसून राहतो. उस्तांनी प्याली काठोकाठ भरली. भरल्या प्यालीचा अर्थ आमच्यात लहान पोरालाही कळतो. इल्योसनं ती दोन्ही हातांनी उचलली, गरम होती तरी एका दमात संपवली आणि उठून चपला घातल्या.

उस्तांनी मला विचारलं, "म्यान झालं का?"