आकडा तेवढा बदलला

नवी मुंबईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून माझ्या चुलतभावाला फसवलं. चुलतभाऊ होडीवर तांडेल होता, होडी त्याच्या हुकमाने चालायची. आता तो नाही. आणि हाच मालक मच्छीमार सोसायटीला कळवतो की चूक मेलेल्याची, त्याने ॲप नवं करून घेतलंच नव्हतं.

मी शाळेत फार टिकलो नाही. दिघीच्या धक्क्यावर रिचार्ज विकत होतो, मग फोन दुरुस्त करायला लागलो, मग लहान होड्यांसाठी ॲप करून घेतलं. होडी कुठे आहे, खडक कुठे, भरती कधी, एवढं ते दाखवतं. कोड लिहिणं कंपनीकडे, तांडेलांना पटवणं माझ्याकडे. पाटीतली वरची पापलेटं बाजूला सारून खालची बघणारा माणूस मी. प्रत्येक आवृत्तीनंतर सगळ्या कोडची प्रत मला मिळाली पाहिजे, असं कलम मी भांडून करारात घालून घेतलं. मालक हसला. "दादा, ते उघडून तुम्ही काय करणार?"

"ते माझं मी बघेन," म्हटलं. आणि शिकलो. मोबाइलवर व्हिडिओ बघत, शिव्या घालत शिकलो.

आवृत्तीचा आकडा प्रकल्पात एका जागी नसतो. तो पहिल्या पडद्यावर असतो, माहितीच्या पानावर असतो, आतल्या कितीतरी फाइलींत असतो. हाताने बदलायला गेलं की एखादा राहतो. एकदा तसं झालं. पहिल्या पडद्यावर नवा आकडा, माहितीच्या पानावर जुना. एका तांडेलाने फोन माझ्या टेबलावर आदळला. "यातला खरा कुठला? का दोन्ही खोटे?" त्यानंतर मी कंपनीच्या मागेच लागलो. तेव्हापासून ते टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला लिहून हुकूम द्यायच्या खिडकीत, एक ओळ लिहितात, जुना आकडा असेल तिथे नवा घाल, आणि एंटर दाबतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळीकडे आकडा बदलतो.

मीही धक्क्यावर एक रीत पाडली. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर चालू आवृत्तीचा आकडा रंगाने लिहायचा. निघण्याआधी तांडेलाने फोनमधला आकडा भिंतीशी जुळवायचा. जुळला नाही तर थांबायचं.

३.१ मध्ये खोट निघाली. रेंज गेली की नकाशावरचा होडीचा ठिपका होता तिथेच अडकायचा, आणि ॲप तो जुना ठिपका आत्ताचा म्हणून दाखवायचं. मोकळ्या पाण्यात हे खपून जातं. खाडीच्या तोंडाशी खडक भरतीखाली जातात, तिथे नाही खपत. मी मालकाला बजावलं, मासेमारीची बंदी उठायच्या आत ३.२ पाहिजे, आणि त्यात ठिपका जुना झाला की पडदा लाल झाला पाहिजे. तो "होईल" म्हणाला. त्या शब्दावर मी तांडेलांना ही खोट ३.२ मध्ये जाईल असं सांगितलं आणि भिंतीवर ३.२ लिहून मोकळा झालो.

बंदी उठली. दर्याला नारळ दिला. फोनमध्ये अजून ३.१ च. बाकीच्या होड्या तशाच सुटल्या. माझा चुलतभाऊ सुटेना.

"काय रं, फोनचा मुहूर्त काढलास का?" शेजारच्या होडीवरून एकजण ओरडला.

"भिंतीवर येक हाय, माझ्यात दुसरा हाय. मी न्हाय जात."

"म्हातारीपेक्षा भित्रा हायेस तू!"

"हसा. तुम्ही हसताय तवर तुमचा बर्फ पाणी होतोय."

मी मालकाला फोन करून तोंडाला येईल ते बोललो. संध्याकाळी अपडेट आलं. चुलतभाऊ दुकानात आला, फोन माझ्यासमोर धरला, पहिलं पान दाखवलं, माहितीचं पान दाखवलं. दोन्हीकडे ३.२. "आता जातो," म्हणाला.

परतताना खाडीच्या तोंडाशी पावसाची झड आली, किनारा दिसेना. होडी खडकावर फुटली. खलाशांना दुसऱ्या होडीने उचललं. तांडेल दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाला सापडला. वाचलेल्यांपैकी एकजण मला म्हणाला, "फोन बघूनच चालवीत व्हता. खडक लांब दाखवीत व्हता. लाल काय झालं न्हाय."

मी माझ्या फोनवर ३.२ उघडलं, रेंज बंद केली आणि धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. ठिपका दुकानातच बसून राहिला. पडदा लाल झाला नाही.

करारातल्या कलमाप्रमाणे कोडची प्रत नंतर आली. मी ३.१ आणि ३.२ शेजारी ठेवून टर्मिनलला फरक विचारला. त्याने एकेक फाइल दाखवली. प्रत्येकीत जुना आकडा काढून नवा घातलेला. बाकी एक अक्षर हललेलं नव्हतं. दुरुस्ती झालीच नव्हती. ती एक ओळ तेवढी चालवली होती.

मी त्याच्या ऑफिसात गेलो.

"तुम्हीच घाई केलीत, दादा. रोज फोन, रोज आरडाओरडा. म्हटलं, नंबर आधी देऊ, दुरुस्ती पुढच्या अपडेटला टाकू. असं सगळेच करतात."

"मी दुरुस्ती मागितली होती. आकडा मी घरी रंगवू शकतो."

"आवाज खाली. हवामानाची जबाबदारी आमची नाही. आणि त्यांच्या फोनमध्ये ३.२ होतं हे कशावरून? फोन तर समुद्रात गेला."

मी टेबलावर हात आपटला तेव्हा त्याने वॉचमनला बोलावलं. त्याच आठवड्यात सोसायटीकडे त्याचं कळवणं आलं. लोकांना ते सोपं पडलं. निष्काळजी माणूस होता म्हटलं की आपली होडी सुरक्षित वाटते. काल त्याला भित्रा म्हणणारेच आज बेफिकीर म्हणायला लागले.

वहिनी दुकानात आली. बसली नाही. "भावजी, त्यांनी फोन नवा केला व्हता का न्हाय?"

"केला होता. मी डोळ्यांनी बघितला."

"मग ह्ये चारचौघांत कोन सांगनार? पोरांना लोक काय बोलतात म्हाईत हाय का तुमाला?"

मी सांगितलं, पण मी पडलो भाऊ, आणि भिंतीवर आकडा लिहिणाराही मीच. माझं कोण ऐकणार?

आकडा जुनाच राहिला असता तर तो गेला नसता. होडी धक्क्याला बांधून, लोकांचे टोमणे खात बसला असता. खोट तर आधीपासून होती आणि ती त्याला ठाऊक होती. ती गेली असं त्याला सांगितलं गेलं, म्हणून तो त्या पाण्यात होता.

दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत. फरक कोणालाही दाखवायला मी तयार आहे. पण बोलायचं त्याने आहे. मालकाने सोसायटीच्या सभेत यावं, वहिनीसमोर उभं राहावं आणि सांगावं, दुरुस्ती न करता आकडा बदलायचा हुकूम कोणी दिला? तो स्वतः, की दुसरं कोणी? आणि आत काही बदललेलं नाही हे माहीत असताना, सावध माणसाला बेफिकीर ठरवणारं ते कळवणं त्याने कोणत्या तोंडाने पाठवलं?