माईच्या कडेवरचं बाळ

भीमाबाईशी माझं पहिलं बोलणं चिडूनच झालं. नातू वरद तेरा दिवसांचा, पाणी तापून निवलेलं आणि ही मालीशवाली पाऊण तास उशिरा. "सिलतऱ्याच्या पुढून येऊन राहिली बाई, टेम्पोच नाही भेटला," एवढं म्हणून ती पाटावर बसली आणि वरदला पायांवर घेतलं. दिवसभर किरकिरणारं पोर तिच्या हाताखाली गप्प पडलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पुढे रायपूरच्या आमच्या चौबे कॉलनीतली निम्मी मराठी घरं मीच तिला मिळवून दिली.

ती मूळची वर्ध्याकडची, कॅथलिक. लग्न होऊन सिलतऱ्यापलीकडच्या गावात आली. तिथे कॅथलिकांची तीसेक घरं, चर्च, तलाव आणि वर कारखान्यांचा धूर. नवरा भैय्यालाल ट्रकवर क्लीनर. मूल एकच झालं, मुलगी, आणि ती नवव्या दिवशी गेली.

हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. पोर तापानं फणफणली, हिनं उचलून टेम्पोत घातली, पण रायपूर काही गाठता आलं नाही. बाप्तिस्मा व्हायचा होता. जीव जायची वेळ आली तर डोक्यावर पाणी घालून कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे तिला लहानपणी सिस्टरांनी शिकवलेलं. पाण्याची बाटली मांडीवरच होती.

"पाणी घातलं असतं बाई, तं पोट्टी मरून राहिली हे मीच कबूल केलं असतं ना. हातच नाही उचलला माझा."

गावातल्या म्हाताऱ्यांनी पोरीला कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर पुरायला लावलं. बाप्तिस्मा नाही तर स्वर्ग नाही, असा त्यांचा हिशेब. फादर तेव्हा गावात नव्हते, असते तर त्यांनी असं होऊ दिलं नसतं. त्यानंतर बावीस वर्षं ही बाई लोकांची बाळं न्हाऊ घालत आली.

मागच्या उन्हाळ्यात एका पहाटे तलावावर धुणं धुताना तिला माई दिसली. मदर मेरीला ती माईच म्हणते. निळी ओढणी, कडेवर बाळ. शेजारणीला तिनं एवढंच सांगितलं. शेजारणीच्या पोटात काही राहिलं नाही, आणि मग मोबाइलवाल्यांनी गावभर केलं. दोन महिन्यांत दर शनिवारी माणसं अनवाणी चालत यायला लागली, रायपूरहून, पार भिलाईहून. मेणबत्त्या, नारळ, बाटल्यांत भरून तलावाचं पाणी. भैय्यालालनं ट्रक सोडून मेणबत्त्यांचं दुकान टाकलं. कडेवरचं बाळ म्हणजे बाळ येशू, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. फोटोत तसंच असतं ना! तिला कोणी विचारलंच नाही.

मी विचारलं, कारण माझ्या पायांना तेल लावता लावता ती रडत होती.

"येशू नव्हता बाई. माझी पोट्टी होती. मीच शिवलेलं पिवळं दुपटं होतं अंगावर. माईनं तिले घेतलं. बाहेर नाही ठेवलं."

बावीस वर्षांनी तिचा जीव निवला होता. मी चहा टाकला.

मग चर्चकडून चौकशी आली. दोन फादर आणि एक सिस्टर. भैय्यालालनं बजावलं, "बच्चा यीशु ही था, बस. इतना ही बोलना." भीमाबाई तडक माझ्याकडे आली. "काय सांगू बाई?"

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. खरं बोला, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. म्हटलं, "देवाच्या कामात खोटं बोलतेस काय? जे पाह्यलं तेच सांग. मी येऊन राहिली तुझ्यासंगं." जगाला शहाणपण शिकवायची खोड, दुसरं काय!

मी चर्चच्या व्हरांड्यात बाकावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. तिनं शब्द न शब्द खरं सांगितलं. मोठे फादर भले माणूस. म्हणाले, देवाची दया भिंत पाहत नाही, तुझी मुलगी त्याच्याजवळच आहे. पण पुढच्या रविवारी चर्चमध्ये पत्र वाचलं गेलं. तलावावर दिसलं ते दर्शन नव्हे, दुःखी आईच्या मनाला झालेला भास. भाविकांनी तिथे जाऊ नये.

लोक यायचे थांबले. दुकानं उठली. जे तिच्या पाया पडत होते ते तिला पाहून रस्ता बदलायला लागले. भैय्यालाल घरात बोलेनासा झाला.

मला राहवलं नाही, मी गावात गेले. ती तलावाच्या पायरीवर बसली होती.

"मी येशू म्हटलं असतं, तं खरं ठरलं असतं ना बाई? मंग माई तिथंच राह्यली असती, माह्या पोट्टीले घेऊन."

मी तिचा हात धरला. "मले इचारशील तं तू पाह्यलं ते खरंच होतं, भीमा."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "मंग तवा आत येऊन काहून नाही सांगितलं?"

मला ते तेव्हाही खरं वाटलं नव्हतं, आताही वाटत नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले होते. तिला ते कळलं, आणि तिनं हळूच आपला हात सोडवून घेतला.