मोटर उलटी फिरत होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही फार जवळचे आहात म्हणून नव्हे — उलट, तुम्ही माझ्या घरी येत नाही म्हणून. ऐकून तुमचं माझ्याबद्दलचं मत वाईट होईल. होऊ दे. मला त्याची सवय करून घ्यायची आहे.

मी लिमये. शनिवार पेठेत राहतो, निवृत्त आहे. येरवड्याच्या पुढे एका कारखान्यात देखभालीचा सुपरवायझर होतो. तिथे भट्ट्या थंड ठेवायला सतत पाणी लागायचं, आणि ते खोल टाकीतून वर आणायला एक उभा पंप होता. पंप खाली पाण्यात, मोटर वर जमिनीवर, आणि मध्ये लांब शाफ्ट. हा शाफ्ट एकसंध नसतो. आट्यांनी एकमेकांत पिळलेले तुकडे असतात. मोटर योग्य दिशेनं फिरली तर आटे घट्ट होतात. उलटी फिरली तर सुटत जातात, शाफ्ट वाढत जातो आणि खालून मोटरलाच ढकलायला लागतो. म्हणून मोटर पंपाला जोडायच्या आधी तिला क्षणभर नुसतीच चालवून बघतात — कुठल्या बाजूला फिरते? एवढंच. आमच्याकडे हे मी बघत असे. माझ्या नोकरीभर मीच बघत आलो होतो.

मग तुपे मॅडम आल्या. कोमल तुपे. कुठल्याशा गावातून शहरात आलेली इंजिनिअर मुलगी, माझ्या मुलाच्या वयाची, आणि आल्या आल्या माझी वरिष्ठ. ती जागा मला मिळायला हवी होती असं मी कुणाला म्हणालो नाही. पण घरी जेवताना तिच्या बोलण्याची नक्कल करायचो. 'झालं हाय', 'केलं न्हाई'. बायको हसायची. मला मजा वाटायची का? वाटायची. खोटं कशाला बोलू?

मला ती आवडत नव्हती. आजही आवडत नाही. पश्चात्ताप झाला की माणसाला समोरचा प्रिय होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही होत नाही.

उभ्या पंपाची मोटर जळाली. नवी आली. आम्ही ती चेनब्लॉकनं उचलून स्टँडवर ठेवली, मी ती सरळ रेषेत बसवली आणि बोल्ट आवळायला सांगितले. मॅडमनी मोटर सरळ बसली का ते दाखवणारं डायल गेज लावलं, शाफ्ट हातानं फिरवला, सुई बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काका, हे चालणार न्हाई. परत खोला."

त्यांचं बरोबर होतं. मोटर एका अंगाला सरकलेली होती. पण ते 'काका', आणि मागे कुणीतरी हसलेलं — मला अजून ऐकू येतं. मी बोल्ट खोलले. मॅडम गुडघ्यांवर बसून मोटरखाली पातळ पत्रे सरकवत राहिल्या, सुई स्थिर होईपर्यंत. मी बाजूला उभा होतो. माझ्या पंपाजवळ, पाहुण्यासारखा.

दुपारी त्या भट्टीवाल्यांना पाणी सुरू होतंय हे सांगायला गेल्या. दिशा बघायचं काम माझ्यावर सोपवून गेल्या. इलेक्ट्रिशियन पलीकडच्या खोलीत पॅनेलपाशी होता, त्याला दारातून मी दिसत होतो, मोटर दिसत नव्हती. मी हात केला, त्यानं बटण दाबलं, मी हात खाली केला, त्यानं बंद केलं.

मोटर उलटी फिरली.

तीन तारांतल्या दोन आपसांत बदलल्या की ती सरळ झाली असती. कपातला चहा गार व्हायच्या आत होणारं काम. मी तोंड उघडलं — आणि मिटलं. का? राग म्हणू? तो तर होताच. पण रागानं माणूस ओरडतो. मी शांत होतो. अगदी गार होतो.

मॅडम परत आल्या तेव्हा मोटरपाशी मी एकटाच होतो. दारातूनच विचारलं, "काका, दिशा बघितली का?"

"बघितली," मी म्हणालो.

किती तरी दिवस मी या उत्तरावर जगलो. यात खोटं काय आहे? मी बघितलीच होती. त्यांनी बरोबर आहे का असं विचारलं नाही, मी तसं म्हणालो नाही. असे हिशेब आम्हा पेठेतल्या लोकांना चांगले जमतात.

शाफ्ट जोडला. मॅडमनी सुरू करायला सांगितलं. पंप बिघडेल, मॅडमची शोभा होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि इथे ते येतं, जे सांगायला मी इतका वेळ घेतोय — मी मागे सरकलो. खांबाआड गेलो. काय होणार हे फक्त मला माहीत होतं, म्हणून फक्त मीच सरकलो.

मुनीर तिथेच उभा होता. मुनीर म्हणजे आमचा फिटर, माझा माणूस. अनेक वर्षं आम्ही एकाच बाकावर डबा खाल्ला. तो मोटरला अगदी लागून उभा, हातात पाना. मी त्याला हाक मारू शकलो असतो. मुनीर, इकडे ये — एवढंच म्हणायचं होतं. पण हाक मारली असती तर सगळ्यांना कळलं असतं की मला माहीत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. हाक मारली नाही.

आवाज झाला, मोटर स्टँडवर उचलल्यासारखी झाली, जोडाचा एक बोल्ट तुटून उडाला आणि मुनीरच्या गुडघ्यात घुसला. मुनीर खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी करीन म्हणून. मीच त्याला उचलून गाडीत घातलं. सगळे म्हणाले, लिमयांनी किती धावपळ केली.

चौकशीत मॅडम म्हणाल्या की मी काकांना विचारलं होतं, काका म्हणाले बघितली. त्या रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. नुसतं माझ्याकडे बघून सांगितलं. साहेबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "त्यांनी मला असं काही विचारल्याचं आठवत नाही."

इथे शब्दांचा खेळसुद्धा नव्हता. हे सरळ खोटं होतं. सुरू करायचा हुकूम मॅडमचा, तेव्हा दिशा विचारून घेणंही त्यांचंच काम, असं ठरलं. आणि माझं वय बघून, माझी नोकरी बघून, ते सगळ्यांना पटलं. मॅडमना जायला सांगितलं. त्यांची जागा निवृत्त होईपर्यंत मी सांभाळली. चांगली सांभाळली, असं निरोप समारंभात सांगण्यात आलं.

मुनीर येतो माझ्याकडे अधूनमधून. गुडघा वाकत नाही, तरी जिना चढून येतो. बसला की त्या पोरीला शिव्या देतो. लिमयेसाहेब, तुमच्या हातात काम असतं तर माझा पाय शाबूत असता, म्हणतो. मी मान हलवतो. कधी मीही दोन शब्द घालतो.

मागच्या महिन्यात आला तो खुशीत होता. कात्रजला बसच्या रांगेत त्याला ती दिसली होती, सोबत तिची लहान मुलगी. मुनीरनं चारचौघांत तिला थांबवून पाय दाखवला, हा तुझ्यामुळे, म्हणून सांगितलं. लोक बघायला लागले. मुलगी आईला बिलगली. ती एवढंच म्हणाली की मुनीरभाई, मी विचारलं होतं. अजून तेच खोटं बोलते, मुनीर म्हणाला.

मग त्यानं मला विचारलं, "बरोबर केलं ना मी, साहेब?"

मी त्याच्याकडे बघितलं. दुसरं कुणी घरात नव्हतं. चांगला वेळ होता माझ्याकडे.

"बरोबर केलंस," मी म्हणालो.

त्यानं चहा संपवला, कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागला. मी दार लावून घेतलं.