कुबल ड्रेसरचा उजवा हात

दिनानाथ कुबलला शिरवण्यात सगळे डॉक्टर म्हणायचे, आणि तो कुणाला दुरुस्त करायचा नाही. खरं तर तो ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात ड्रेसर होता. म्हणजे कुणाचं बोट चेचलं, कुणाच्या पायात खिळा गेला, की जखम धुवायची, औषध लावायचं, पट्टी बांधायची आणि कंपनीचे डॉक्टरसाहेब आले की माणूस त्यांच्यापुढे उभा करायचा. साहेब आठवड्यातून दोनदा चेंबूरहून यायचे. बाकीचे दिवस त्या दोन खोल्यांच्या दवाखान्याचा राजा दिनानाथच. पांढरा कोट त्याला मिळालेला होता. स्टेथोस्कोप तेवढा नव्हता, नाहीतर गडी तोही गळ्यात घालून बाजारात गेला असता.

पण कामात माणूस पक्का, हे नाकारून चालणार नाही. मालवणकडून मुंबईला आल्यावर तो कितीतरी वर्षं एका इस्पितळात वॉर्डबॉय होता आणि तिथल्या एका खाष्ट सिस्टरनं त्याला जखम वाचायला शिकवलं. तेच तो आता कामगारांना शिकवायचा. पट्टी बांधता बांधता शाळा चालू. "हे बघ, कडेला जराशी लाली असणारच. पाण्यासारखी लस येईल, घाबरू नको. खाज सुटली तर देवाला नारळ फोड, म्हणजे मांस भरतंय. पण दुखणं रोज थोडं कमी व्हायला पाहिजे. कमी होण्याऐवजी ठणका लागला, हात लावला तर गरम लागलं, घाण वास आला, की समजायचं आत कुजतंय. मग पिकू दे, फुटू दे, असलं आजीबाईचं ऐकायचं नाही." मग तो खिशातलं बॉलपेन काढून लालीच्या कडेनं रेघ मारायचा. "ही तुझी हद्द. लाली ह्या रेघेच्या बाहेर गेली की घरी बसायचं नाही, सरळ माझ्याकडे यायचं."

लोक यायचे. त्यानं रेघ मारलेले हातपाय घेऊन माणसं वेळेवर आली आणि वाचली, असं दोन-तीनदा तरी झालं होतं. त्यातूनच ते डॉक्टर नाव पडलं, आणि दिनानाथला ते गोड लागायला लागलं. पुढचं सगळं त्या गोडीपायीच झालं म्हणा.

गोष्ट त्र्याऐंशी सालची. दिनानाथ आणि त्याची बायको सुचित्रा पुतळाबाईच्या चाळीत भाड्यानं राहायचे. पुतळाबाई गावातली जुनी आगरीण. शेती सिडकोत गेली तेव्हा तिनं घराच्या मागे ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सुचित्रा बोलायला साधी, पण आडपडदा नाही. एका रविवारी दिनानाथचा चुलतभाऊ श्यामसुंदर बायकोला घेऊन आला. पोहे खाताना म्हणाला, "दादा, गावात सांगतात, तू डॉक्टर झालास. खरं काय?"

दिनानाथ नुसता हसला. नाही म्हणाला नाही.

चहाचे कप घेऊन येणारी सुचित्रा सहज म्हणाली, "कसले डॉक्टर हो भावोजी. कंपनीत पट्ट्या बांधतात."

सगळे हसले. तिच्या बोलण्यात काडीचाही खवचटपणा नव्हता. दिनानाथही हसला, पाहुण्यांना बसपर्यंत सोडून आला, वाटेत श्यामसुंदरला नोकरीबद्दल दोन शब्द सांगितले. आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं सुचित्राच्या तोंडावर मारलं. चापट मारायची होती, असं तो नंतर स्वतःला पुष्कळ सांगायचा. पण मूठ वळलेली होती. तिचा ओठ फाटला, आणि तिच्या पुढच्या दातानं त्याच्या मधल्या बोटाचा सांधा कापला गेला.

सुचित्रा मोरीत गेली आणि बराच वेळ चुळा भरत राहिली. दिनानाथनं आपलं बोट फडक्यात गुंडाळलं. तिचा ओठ बघायला तो उठला नाही. शिरवण्यातल्या कुठल्याही पोराचा गुडघा फुटला तर धावत जाणारा हा माणूस, त्या दिवशी स्वतःच्या मोरीपर्यंत गेला नाही.

सकाळी नळावर पुतळाबाईनं विचारलं, "व्हटाला काय झाला गो?" सुचित्रानं सांगितलं, "मोरीत घसरले." त्याच वेळी तिकडे दवाखान्यात दिनानाथ साहेबांना सांगत होता, "पत्रा लागला."

नेमका साहेबांचा यायचा दिवस. त्यांनी जखम पाहिली, सांध्यावर आहे, सारखी उघडेल, दोन टाके घालू या म्हणाले. दिनानाथला ठाऊक होतं. सिस्टरनं दहादा सांगितलं होतं, माणसाच्या दाताची जखम शिवायची नाही, तोंडातली सगळी घाण आत कोंडली जाते, ती उघडी ठेवून धूत राहायची. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. पण बाहेर बाकावर चार कामगार बसलेले, दार उघडं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं हात पुढे केला. साहेबांनी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि त्यानं थँक्यू साहेब म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सांधा सुजला. कडेला लाली होती. असणारच, तो मनाशी म्हणाला, आणि डाव्या हातानं वेडीवाकडी रेघ मारली. संध्याकाळी लाली रेघेच्या बाहेर. आता ऐका ह्या शहाण्यानं काय केलं ते. त्यानं स्पिरिटचा बोळा घेतला, ती रेघ पुसली आणि थोडी लांब दुसरी मारली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रेघ पुसताना आपण काय करतोय ते त्याला नीट कळत होतं. कुणी पाहत नाही ना म्हणून त्यानं दाराकडे पाहिलंसुद्धा.

घरी तो डाव्या हातानं चमच्यानं जेवायचा. समोर सुचित्रा बसलेली असायची. तिच्या ओठाची सूज उतरली, खपली धरली, ओठ भरत चालला. त्याच्या नजरेला ते आपोआप दिसायचं. चांगलं भरतंय, असं मनात यायचं आणि लगेच तो नजर ताटाकडे वळवायचा. ओठ बरा होतोय ह्याचं सुख वाटावं एवढाही आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटायचं. वर्तमानपत्र तांब्याला टेकवून उभं करून त्यामागे तो जेवायला लागला.

"साहेबांना खरं सांगितलंत का?" एकदा तिनं विचारलं.

"तू गप बस," तो म्हणाला.

भाताची ढेकळं फोडून, कालवून तिनं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

मग ठणका सुरू झाला. बोट आकड्यासारखं वाकलं आणि सरळ होईना. टाक्यांच्या मधून पिवळं यायला लागलं. पट्टी सोडली की वास यायचा, आणि वासात तर ह्याचं नाक तयार. मनगटावरून तांबडी रेघ वर चढली, ती काही बॉलपेनची नव्हती. काखेत अवधाणाची गाठ आली, अंगात ताप भरला. दुसऱ्या कुणाचा हात असता तर त्यानं त्याला केव्हाच दरडावून ठाण्याच्या इस्पितळात धाडलं असतं. स्वतःचा हात तो कोटाच्या खिशात घालून फिरला.

साहेब पुन्हा आले तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं. त्यांनी पट्टी सोडली, टाके कापले, आतून आलं ते पाहून त्यांचा चेहराच बदलला. "कुबल, हा पत्रा नाही. कशानं झालंय? हात घालवायचाय का?"

"दात लागला, साहेब."

"कुणाचा?"

बाकावरची माणसं ऐकत होती. "बायकोचा," दिनानाथ म्हणाला.

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. "वहिनी चावल्या काय?"

इथे तोंड उघडायचं होतं. नाही, मी मारलं, एवढंच. पण ते हसणं तिच्यावर चाललं होतं, त्याच्यावर नव्हतं, आणि त्यानं ते तसंच तिच्यावर जाऊ दिलं. साहेबांनी चिठ्ठी लिहिली, कंपनीच्या जीपमध्ये घातलं आणि ठाण्याच्या इस्पितळात पाठवलं. तिथे हात उघडून धुतला, सकाळ-संध्याकाळ पेनिसिलीन सुरू केलं. बोटाचं काही सांगता येत नाही, हाताचं उद्या-परवा कळेल, असं म्हणाले.

ताप उतरला त्या दुपारी कारखान्यातला जयप्रकाश केळी घेऊन भेटायला आला. फोरमन माणूस, मनानं वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. सुचित्रा खाटेशी उभी होती. तिला म्हणाला, "काय वहिनी, आमच्या डॉक्टरला पार आडवा केलात. आता तरी दात आवरा."

नळावर बायका तिला हेच ऐकवत होत्या, हे दिनानाथला तोवर माहीत नव्हतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. वाट पाहत होती ती, आणि ते त्याला कळलं. तरी तो केळ्यांकडे बघत राहिला. मग तीच म्हणाली, "हो. चुकलंच माझं."

"ती चावली नाही," दिनानाथ म्हणाला. आवाज चिरका निघाला. "मी मारलं तिला. तोंडावर. मुठीनं."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली. जयप्रकाशनं दिनानाथच्या खांद्यावर थोपटलं. "अरे हात्तिच्या. मग त्यात काय एवढं टेन्शन? घरोघरी मातीच्या चुली. आम्ही काय धुतल्या तांदळाचे आहोत? उगाच हात कुजवून घेतलास यार." आणि केळ्याचा घड खाटेवर ठेवून तो युनियनच्या गप्पा मारायला लागला.

दिनानाथला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ज्यांना घाबरून त्यानं हात नासवला, त्यांच्या लेखी ही गोष्ट थुंकून टाकण्याइतकीसुद्धा नव्हती. ते हसले असते पट्ट्या बांधणाऱ्याला, बायकोला मारणाऱ्याला कुणीच हसलं नसतं. आणि जिच्यापुढे मान खाली घालायची, तिच्याशी तो वर्तमानपत्राआडून वागला होता. त्याला स्वतःची किळस आली, त्या पिवळ्या पट्टीपेक्षा जास्त.

जयप्रकाश गेल्यावर तो म्हणाला, "सुचित्रा, मी तुला मारलं."

"मला काय सांगता? मी होते की तिथं."

"चुकलो मी."

सुचित्रा केळी पिशवीत भरत राहिली. वॉर्डातली सिस्टर आली, पट्टी सोडली, वाकून पाहिलं. जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसायला लागलं होतं, वास गेला होता. "छान भरतंय," सिस्टर म्हणाली. "हात वाचला तुमचा. मंडळींनी देवाला पुष्कळ विनवलेलं दिसतंय."

सिस्टर नवी पट्टी आणायला गेली. दिनानाथनं सुचित्राकडे पाहिलं.

"खोटं कशाला सांगू," ती हळूच म्हणाली. "रोज बसत होते देवापुढं. तुम्हाला वाचव म्हणाले. पण हात बरा कर, एवढं काही तोंडातून निघेना. बरा झाला की परत उचलाल, असं वाटायचं."

त्यानं हात चादरीखाली घ्यायला पाहिलं. नुकतीच पट्टी सोडलेली जखम, तशी झाकून चालणार नव्हती. तो हात तिच्यासमोर तसाच उघडा ठेवून त्याला पडून राहावं लागलं.